धामणदरीला कसं यायचं

तुम्ही विचारलं, कसं यायचं,
अन् मी म्हणाले, थांबा, पेन घेते.
पेन तुम्ही घ्यायला पाहिजे होतं.
पण असं आजवर कोणी विचारलंच नाही ओ,
म्हणून गडबडले.

तर लिहा.
देवगिरीनं पहाटे परभणीला उतरा.
चहा स्टेशनवर नको, स्टँडवर प्या.
जिंतूरच्या गाड्या लई. पाटी वाचू नका,
कंडक्टरला विचारा, पाटी कधीकधी कालची असती.
जिंतूरहून आमची गाडी दोनदाच:
साडेदहाची, ती शाळा असली तरच येती,
माझी टपालाची पिशवी बी तिच्यातच;
अन् संध्याकाळची मुक्कामी.
मुक्कामीनं आलात तर बारव अंधारात दिसायची नाही,
पण ड्रायव्हर-कंडक्टर मारुतीच्या देवळात झोपतात,
त्यांच्या शेजारी जागा होती.
मच्छरदाणी ज्याची त्यानं आणायची.

गाडी चुकली तर मैनोद्दीनभाईची काळी-पिवळी,
स्टँडच्या मागं, रसवंतीजवळ.
भरल्याशिवाय हलत नाही,
अन् भरली हे फक्त मैनोद्दीनभाईलाच कळतं.
तुम्हाला वाटंल झाली,
तवा अजून चार जण बसायचे असतात.
पुढं बसू नका. गिअर टाकताना दरवेळी
तुमचा गुडघा मागून घेतो तो.

जीप फाट्यापर्यंतच.
फाट्यावर एक टपरी, एक बंद वजनकाटा,
एक पाटी: धामणदरी ९.
ते नऊ खरे नाहीत.
पायी अकरा भरतात,
डोक्यावर पोतं असलं तर चौदा.

तिथून घुगेंचा दुधाचा टेम्पो.
दुपारी रिकाम्या कॅनी घेऊन परततो,
कॅनीवर बसू देतो, पैसे घेत नाही,
पण वाटभर पोरीचे मार्क सांगतो. ऐकून घ्या.
नसता तांड्यावरचा थावरा, मोटारसायकलवर.
शंभर म्हणंल, ऐंशीला येईल,
पेट्रोलचे मात्र आधीच मागंल.

हिवराच्या झाडापासून डावीकडं वळा.
मग चढ.
मग लेंडीचा पूल.
पूल झालाय. दोन्हीकडचा रस्ता राहिलाय.
म्हणून पुलाखालून या,
चप्पल हातात घेऊन.

झालं लिहून?
थांबा.
काहीतरी चुकायलंय.
हे सगळं मला पाठ आहे, पण उलटं.

दहावीच्या पेपरला गाडी आली नाही
तवा टेम्पोत कॅनींच्या मधी उभी राहून गेले मी,
भूमिती म्हणत.
वच्छलामावशीला कळा सुरू झाल्या
तवा अॅम्ब्युलन्स ओढ्याच्या पल्याड थांबली,
बाज इकडून गेली,
पोरगं पुलाखालीच झालं. आता चौथीला आहे.
चाकणच्या कंपनीत लागलेले पाच जण
पहाटे मुक्कामी गाडीनंच निघाले;
कंडक्टरनं त्यांनाच काच पुसायला लावली होती.
आमच्या तोंडी रस्ता म्हणजे जाणं.
येणाऱ्याला तो कसा दिसतो
हे कोणी सांगितलंच नाही मला.

तर वहीत दुरुस्ती करा.
हिवरापासून डावीकडं नाही, उजवीकडं.
चढ म्हणाले तिथं उतार लागंल, चांगला लांब,
गाव खाली आहे.
अन् पूल आधी नाही, हिवर आधी नाही...
नाही, ते बरोबर आहे. पुलाचं तेवढं
दोन्हीकडून सारखंच.

बारवेच्या सात पायऱ्या कोरड्या आहेत सध्या.
तुमचा टेप पुरंल का माहीत नाही,
दोरी माझ्याकडं आहे.
निघतानाच फोन करा,
फाट्यापुढं रेंज नाही,
मी आत्ता पाण्याच्या टाकीवर चढून बोलायले,
अन् खाली दोघं-तिघं विचारायलेत, कोण यायलंय.

परत कसं जायचं ते विचारू नका.
ते इथलं शेंबडं पोरगं बी सांगंल.